पूर्वप्राथमिक प्रवेशाची टक्केवारी : फ्रान्स, भारत आणि भंडाऱ्याची अंगणवाडी

निरनिराळ्या देशांची प्रगती शेजारी शेजारी मांडणारे तक्ते आता वाचकांच्या चांगल्या परिचयाचे झाले आहेत. साक्षरता, बालमृत्यू, दरडोई उत्पन्न अशा रकान्यांबरोबर पूर्वप्राथमिक शिक्षणाचाही एक रकाना त्यांत असतो. तीन ते सहा या वयोगटातील किती मुले बालवाडीत, अंगणवाडीत अथवा शिशुवर्गात दाखल आहेत, हे त्यात शेकडेवारीने दिलेले असते. फ्रान्ससमोर या रकान्यात शंभराच्या अगदी जवळचा आकडा आढळतो. भारतासमोर मात्र एका अहवालात एक, तर दुसऱ्या अहवालात भलताच दुसरा आकडा दिसून येतो.

हा फरक थोडाथोडका नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी अवघी १३.६ टक्के मुले २०१९-२० या शालेय वर्षात पूर्वप्राथमिक शाळेत जात होती. त्याआधी २०१८ मध्ये ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने ग्रामीण भारतात झालेल्या ‘असर’ पाहणीत, त्याच वयाची ५८.५ टक्के मुले पूर्वप्राथमिक वर्गांत अथवा अंगणवाडीत दाखल असल्याचे आढळले. एक पाहणी संपूर्ण देशाची व दुसरी केवळ ग्रामीण भागाची, हे मान्य करूनही या दोन आकड्यांचा मेळ बसत नाही. एक-दीड वर्षाच्या अवधीत देशातील बालशिक्षण चौथ्या हिश्श्यावर यावे असे काहीच घडलेले नव्हते.

याचे एक सरळ कारण प्रश्नाच्या शब्दांत शोधावे लागते. साकोली किंवा लाखांदूर तालुक्यातील एखाद्या घराच्या ओसरीवर बसलेल्या आजीला, ‘तुमचा नातू पूर्वप्राथमिक शाळेत जातो का?’ असे विचारले, तर ती ‘नाही’ म्हणेल; आणि लगेच पुस्ती जोडेल की तो अंगणवाडीत जातो. गावाच्या बोलण्यात अंगणवाडी ही शाळा नव्हे. शाळा म्हणजे पहिलीपासून पुढची. त्यातही पाच वर्षांची कित्येक मुले आधीच पहिलीच्या वर्गात बसलेली असतात व त्यामुळे पूर्वप्राथमिकच्या हिशेबातून आपोआप गळतात. म्हणजे मूल शिकत असते, परंतु तक्त्याला ते दिसत नाही. या आकड्यांच्या आधारेच योजना आखल्या जातात, जागा मंजूर होतात आणि शिधा पाठविला जातो. तेव्हा टक्केवारी कशी घडते हे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी समजून घेणे अगत्याचे ठरते.

जागा आधी, कायदा नंतर

फ्रान्समधील शिशुशाळेला तेथे ‘एकोल मातेर्नेल’, म्हणजे मातृवत शाळा, असे नाव आहे. तिचे मूळ शेतकरी व कष्टकरी वर्गाच्या गरजेत आहे. १७७० च्या सुमारास व्होज पर्वतराजीतील एका दुर्गम खोऱ्यात जाँ-फ्रेदेरिक ओबेर्लिन या धर्मोपदेशकाने, आईवडील कामावर गेल्यावर उघड्यावर राहणाऱ्या मुलांसाठी खोल्या चालविल्या. तेथे बायका मुलांना विणकाम, गाणी व झाडापानांची नावे शिकवीत असत. पुढे एकोणिसाव्या शतकात शहरांतून ‘आश्रयगृहे’ निघाली. पण त्यांत शे-शे मुलांना चढत्या पायऱ्यांच्या बाकांवर दाटीवाटीने बसविले जाई. १८८१ मध्ये या संस्थांना शाळेचा दर्जा व नवे नाव मिळाले. पोलीन केरगोमार या निरीक्षिकेने त्यानंतरची तीन दशकांहून अधिक वर्षे या शाळांतून बाक हलवून खेळ आणण्यासाठी खर्ची घातली. १८८६ च्या कायद्याने ही शाळा सार्वजनिक प्राथमिक शिक्षणाचा भाग बनली. मात्र सक्ती सहा वर्षांपासूनच होती. तीन वर्षांच्या मुलाला पाठवावे की न पाठवावे, हे पालकांच्या मर्जीवर सोडलेले होते.

असे असूनही प्रवेश वाढत गेला. १९६० मध्ये फ्रान्समधील पाच वर्षांची दहापैकी नऊ मुले शाळेत होती, परंतु तीन वर्षांच्या मुलांचे प्रमाण सुमारे ३६ टक्केच होते. ते १९७० मध्ये ६१ टक्क्यांवर व १९८० मध्ये ९० टक्क्यांवर गेले. १९९० नंतरच्या दशकात ते जवळजवळ पूर्ण झाले. तीन वर्षांपासून शिक्षण सक्तीचे करणारा कायदा आला तो २०१९ मध्ये, म्हणजे शंभरातील सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव मुले आधीच वर्गात येऊन बसल्यावर. हा क्रम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. कायद्याने मुले आणली नाहीत. मुले आल्यावर कायद्याने त्यांची नोंद केली असेच म्हणावे लागते.

मग मुले कशाने आली? आया नोकरीत शिरल्या हे एक कारण होय. पण नोकरी करणाऱ्या आया इतर देशांतही होत्या. निर्णायक ठरली ती व्यवस्थेची वाटणी. शाळेची इमारत व तिची देखभाल स्थानिक नगरपालिकेकडे, वर्गातील मदतनीस बाईही नगरपालिकेचीच, आणि शिक्षकाचा पगार मात्र राज्याचा. १९९० नंतरच्या सुधारणेने शिशुशाळेचा शिक्षक व प्राथमिक शाळेचा शिक्षक यांचे पद, पात्रता व वेतन एकच झाले. शिक्षण विनामूल्य आणि शाळा दिवसभराची. दुपारच्या जेवणाची सोय असे, आणि सायंकाळी पालक येईपर्यंत मूल सांभाळण्याची व्यवस्था पुष्कळ ठिकाणी नगरपालिका करीत असे. कामकरी आईच्या दृष्टीने हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा नसून वेळेचा असतो. शाळेची वेळ तिच्या कामाच्या वेळेशी जुळली की टक्केवारी वाढते.

फ्रान्सच्याच आकड्यांतून आणखी एक धडा मिळतो. तेथे दोन वर्षांच्या मुलांनाही जागा असल्यास प्रवेश मिळतो. त्यांचे प्रमाण २००० च्या सुमारास ३५ टक्क्यांपर्यंत चढले होते, ते नंतरच्या दशकभरात सुमारे १२ टक्क्यांवर आले. केवळ हा रकाना पाहणारा मनुष्य फ्रान्समधील बालशिक्षण ढासळले असा निष्कर्ष काढील. वस्तुस्थिती अशी की त्या सुमारास जन्म वाढले, शिक्षकांच्या जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत, आणि असलेल्या जागा हक्काने तीन वर्षांच्या मुलांकडे गेल्या. एका रकान्यातील घट ही दुसऱ्या रकान्यातील शंभर टक्के टिकविण्याची किंमत होती.

अंगणातून निघालेली वाट

भारतात, आणि त्यातही महाराष्ट्रात, या कार्याचा आरंभ सरकारी तक्त्यांच्या कितीतरी आधी झाला. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या व १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम हाती घेतले आणि अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीतील अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथे जन्मास आला. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली.

याच काळात सरकारी पातळीवरील अपेक्षा किती माफक होत्या, हे आज वाचताना आश्चर्य वाटते. १९४४ च्या सार्जंट अहवालाने तीन ते सहा वयाच्या दहा लाख मुलांसाठी सोय सुचविली. अविभाजित भारताच्या मानाने ही संख्या फारच अल्प होती. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने १९८६ पर्यंत तीन ते पाच वयोगटातील पाच टक्के मुले पूर्वप्राथमिक वर्गात यावीत, एवढेच उद्दिष्ट ठेवले. फ्रान्समध्ये ज्या वर्षांत तीन वर्षांच्या मुलांचे प्रमाण ३६ वरून ६१ टक्क्यांकडे चालले होते, त्याच वर्षांत वीस वर्षांनंतरचे आपले उद्दिष्ट शेकडा पाच होते. तथापि ज्या देशाला त्या काळी अन्नधान्याची आयात करावी लागत होती आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांनाच पुरेशा शाळा नव्हत्या, त्याने याहून मोठा आकडा लिहिला असता तर तो कागदावरच राहिला असता.

खरे वळण लागले ते २ ऑक्टोबर १९७५ रोजी. त्या दिवशी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा एकाच छपराखाली आल्या, आणि त्या छपरासाठी कोसबाडचाच शब्द स्वीकारला गेला. फ्रान्समध्ये मूल शिकण्यासाठी येते व तेथेच जेवते. आपल्याकडे मूल प्रथम आहारासाठी आले आणि तेथेच शिकू लागले. दोन्ही देशांच्या टक्केवारीची तुलना करताना हा फरक विसरून चालणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये प्रत्येक वस्तीत अंगणवाडी असावी असा आदेश दिला, आणि डिसेंबर २००६ च्या आदेशाने केंद्रांची संख्या १४ लाखांवर नेण्यास सांगितले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४५ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या बालकांचे संगोपन व शिक्षण हे राज्याच्या प्रयत्नांचे उद्दिष्ट ठरविले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने याच वयोगटासाठी शासनाने व्यवस्था करावी असे म्हटले, पण तिला मुलाच्या हक्काचे स्वरूप दिले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. देशातील अंगणवाड्या आज १४ लाखांच्या घरात आहेत, तर महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार.

‘असर’च्या ताज्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील तीन वर्षांच्या मुलांचे प्रमाण २०१८ मधील ६८.१ टक्क्यांवरून २०२४ मध्ये ७७.४ टक्क्यांवर आले. पाच वर्षांच्या मुलांचे प्रमाण याच काळात ५८.५ वरून ७१.४ टक्के झाले. या दुसऱ्या वाढीकडे सावधपणे पाहावे लागते. पहिलीच्या वर्गातील पाच वर्षांच्या व त्याहून लहान मुलांचा वाटा त्याच काळात २५.६ टक्क्यांवरून १६.७ टक्क्यांवर उतरला. पहिलीच्या प्रवेशाचे वय सहा वर्षांवर नेल्याचा हा परिणाम होय. जी मुले पूर्वी पहिलीत मोजली जात, त्यांतील बरीच आता पूर्वप्राथमिकमध्ये मोजली जातात. पाच वर्षांच्या मुलाला पहिलीच्या पाठ्यपुस्तकातून सोडवून खेळाच्या वर्गात ठेवणे ही सुधारणा निश्चितच आहे. परंतु घरी असलेले मूल बाहेर आले, असा तिचा अर्थ मात्र करता येत नाही. तीन वर्षांच्या मुलांची नऊ टक्क्यांची वाढ या दृष्टीने अधिक खरी आहे, कारण तीन वर्षांचे मूल यापूर्वी दुसऱ्या कोणत्याही वर्गात नव्हते.

अंश आणि छेद

टक्केवारी हा एक अपूर्णांक आहे. अंशस्थानी दाखल मुले आणि छेदस्थानी त्या वयाची एकूण मुले. अंशाची चर्चा सर्वत्र होते. छेदाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

फ्रान्समध्ये छेद जवळजवळ तयारच असतो. १७९२ पासून जन्मनोंद नगरपालिकेकडे आहे, शाळेतील नावनोंदणीही तिच्याच कार्यालयात होते, आणि वर्ग जन्माच्या इसवी सनावरून ठरतो. एका वर्षी जन्मलेली सर्व मुले एका वर्गात. आपल्याकडे छेद अंगणवाडी सेविकेच्या कुटुंब सर्वेक्षणातून तयार होतो आणि अंश तिच्याच पटावरून. खासगी शिशुवर्गांची संख्या दीर्घकाळ कोणत्याही एका खात्याच्या नोंदीत पूर्णपणे आलेली नव्हती.

याचे परिणाम समजण्यासाठी एक काल्पनिक गाव घेऊ. समजा, मोहाडी तालुक्यातील या गावात तीन ते सहा वयाची ५० मुले राहतात. अंगणवाडीच्या पटावर ४८ नावे आहेत. त्यांपैकी दोन मुले अद्याप तीन वर्षांची झालेली नाहीत. मोठ्या बहिणीबरोबर येतात म्हणून त्यांची नावे चढली आहेत. तीन मुले आईवडिलांबरोबर वीटभट्टीच्या कामावर परजिल्ह्यात गेली आहेत. राहिली ४३. गावातून गाडीने तुमसरच्या शिशुवर्गात ११ मुले जातात, परंतु त्यांतील आठ जणांची नावे अंगणवाडीच्या पटावरही कायम आहेत.

आता टक्केवारी काढावी. दोन्ही ठिकाणच्या नावांची सरळ बेरीज केली तर ५९ होते, म्हणजे ११८ टक्के. केवळ अंगणवाडीचा पट धरला तर ९६ टक्के. प्रत्येक मूल एकदाच आणि गावात राहणारेच मोजले तर ४६ मुले, म्हणजे ९२ टक्के. अंगणवाडीत प्रत्यक्ष शिकायला बसणारी मुले ३५ भरतात, म्हणजे ७० टक्के. आणि रोवणीच्या आठवड्यात एखाद्या दिवशी हजेरी वीसच भरली, तर ४० टक्के. गाव एक, मुले तीच, टक्केवाऱ्या मात्र पाच. आणि त्यांपैकी एकही अंकगणिताच्या दृष्टीने चुकीची नाही. या पाचांतील पहिली टक्केवारी भारतासमोर आणि तिसरी फ्रान्ससमोर लिहिली, तर भारत पुढे दिसेल! आंतरराष्ट्रीय तक्त्यांत ‘ढोबळ’ व ‘निव्वळ’ असे दोन निरनिराळे दर दिलेले असतात, ते याच घोटाळ्यासाठी. ढोबळ दरात वयाची चाळणी नसते, म्हणून तो शंभराच्या वर जाऊ शकतो. निव्वळ दरात त्याच वयोगटातील मुले मोजली जातात.

या हिशेबात सेविकेला दोष देणे अन्यायाचे होईल. शिशुवर्गात जाणाऱ्या मुलाचे नाव कमी केले, तर त्याचा आहार बंद होतो आणि आई दाराशी येऊन विचारते. स्थलांतरित कुटुंब परत येणार हे ठाऊक असते, म्हणून त्यांच्या मुलांची नावे राहू दिली जातात. २०२१ पासून नोंदी पोषण ट्रॅकरवर भ्रमणध्वनीद्वारे होऊ लागल्या. त्यामुळे माहिती लवकर वर पोहोचते, पण नाव ठेवावे की काढावे हा निर्णय अंगणवाडीच्या दारातच होतो. सेविकेला मिळते ते वेतन नसून मानधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास पात्र असल्याचा निर्णय दिला, तेव्हा त्यांच्या पूर्वशालेय शिक्षणाच्या कामाचाही विचार केला होता. फ्रान्सच्या शिक्षकाशी तिची तुलना करणाऱ्यांनी हा भेदही तक्त्यात कोठेतरी लिहावयास हवा.

रोवणीचे दिवस

भंडारा जिल्हा हा तलावांचा आणि धानाचा. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी या सातही तालुक्यांत पाऊस लागला की पऱ्हे उपटून चिखलात रोवण्याचे काम सुरू होते. हे काम मुख्यत्वे स्त्रियांच्या हातांनी होते. मजुरीच्या टोळ्या सकाळी लवकर बांधीत उतरतात व दिवस कलल्यावर घरी येतात. उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपाने गोळा करण्यासाठी पहाटेच निघावे लागते. अंगणवाडी मात्र ठराविक काही तास चालते. मूल आणायला आणि न्यायला घरी कोणी नसले, तर ते मोठ्या बहिणीच्या कडेवर राहते. मग बहिणीची शाळाही बुडते. आणि ही दुसरी गैरहजेरी अंगणवाडीच्या कोणत्याही रकान्यात येत नाही.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३३४ आणि साक्षरता ८३.७६ टक्के होती. मुलाला शिकविले पाहिजे हे येथे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. तालुक्याच्या गावी जाणाऱ्या शिशुवर्गाच्या गाड्या हेच सांगतात. ओबेर्लिनच्या खोऱ्यात अडीचशे वर्षांपूर्वी जो प्रश्न होता, तोच रोवणीच्या काळात येथे उभा राहतो : आई शेतात असताना मूल कोठे? अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालविण्याची तरतूद आता केंद्राच्या ‘पालना’ योजनेत आहे. ज्या गावांत रोवणीची मजुरी हेच मुख्य उत्पन्न आहे, तेथील ग्रामसभांनी या तरतुदीचा विचार पेरणीपूर्वीच्या सभेत करावयास हवा. जुलै उजाडल्यावर सभेला येण्यास स्त्रियांना सवड नसते.

छेद नीट मोजण्यात पंचायतीचा प्रत्यक्ष लाभही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत व अंगणवाडी नाही, तेथील रहिवाशांना ती मागण्याचा हक्क असून मागणीपासून तीन महिन्यांच्या आत केंद्र मिळावयास हवे. मुख्य गावापासून दूर असलेला टोला, तलावाकाठची ढिवरांची वस्ती किंवा गोसेखुर्द प्रकल्पामुळे पुनर्वसन झालेले गाव यांची मुले बहुधा जुन्या गावाच्या नोंदीत विरघळून गेलेली असतात. जन्मनोंदीचे पुस्तक ग्रामपंचायतीत, सर्वेक्षण सेविकेकडे आणि पहिलीच्या दाखल मुलांची यादी मुख्याध्यापकांकडे. ही तीन दप्तरे एका टेबलावर ठेवून वस्तीनिहाय नावे लावण्यास एक दुपार पुरते. चाळीस नावे भरली, तर मागणीचा अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे ठरावासह पाठविता येतो.